बर्फ पडण्यापूर्वींची परसबाग

शास्त्रपाठ : २ तीमथ्य ४:९-२१



आपल्याकडील हिंवाळा सुखाचा ऋतु होय. त्या दिवसांत शेतांत हरभरा व गहूं डोलतात. परसांत वाल, मेथी व वांगीं येतात. म्हणून तुरुंगांत असलेल्या पौलानें तीमथ्याला हिंवाळ्यापूर्वीं येण्याची जी कळकळीची विनंति केली, तिचें मर्म आपल्या ध्यानांत सहज येत नाहीं. तें कळावें म्हणून आपण मनानें लडाखांत जाऊं.

लेह हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ११,५०० फूट उंच आहे. तेथें वर्षाकाठीं सुमारें चारच इंच पाऊस पडतो. डोंगरावरील बर्फ वितळून पाटानें येणाऱ्या पाण्यावर मळे जगतात. थंडींत पारा शून्याखालीं वीस अंशांपर्यंत उतरतो व जमीन दगडासारखी गोठते. या गांवीं १८८५ सालीं मोरावियन मिशनचें काम सुरू झालें, आणि आजही तेथें लहानशी ख्रिस्ती मंडळी आहे.

तेथील गृहस्थ कशी तयारी करितो तें पाहा. जमीन गोठण्यापूर्वीं तो बटाटे, गाजरें व मुळे खणून काढितो. सडलेला कंद तो निवडून फेंकतो, कारण एका सडक्या कंदानें सारी रास नासते. चांगले कंद तो खोल खड्ड्यांत पुरून वर माती लोटतो, म्हणजे हींव तेथवर पोंहचत नाहीं. पालेभाजी तो उन्हांत वाळवितो. जनावरांसाठीं गवत धाब्यावर रचितो. जेथें बर्फ फार सांचतें, त्या झांस्कर व लाहौल प्रांतांत शेतकरी कोरडी मातीही सांठवून ठेवितात. वसंत ऋतूंत ती माती ते बर्फावर पसरितात. काळसर माती उन्हाची ऊब शोषून घेते, बर्फ लौकर वितळतें, आणि पेरणीला कांहीं दिवस अधिक मिळतात. ही माती हिंवाळ्यापूर्वींच सांठवावी लागते; मागाहून कुदळ चालत नाहीं.

बंधुजनहो, आपल्याही जिवाला हिंवाळा आहे. दुखणें, कर्ज, मृत्यु हीं कळवून येत नाहींत. आज अंगीं बळ आहे, घरांत दाणा आहे, तोंवर आपण काय सांठवितों? बांधाच्या तंट्यावरून ज्या भावाशीं आपण बोलत नाहीं, तो रागच सडका कंद होय. तो आजच काढून फेंकूं या, नाहींतर सारें घर नासेल. देवाचें वचन मुलांच्या अंतःकरणांत आतांच खोल पुरूं या. संकट आल्यावर शोधूं लागलों तर हातीं लागणार नाहीं. उपदेशक बंधूंनो, ज्या घरीं जाण्याचें तुम्ही पुढें ढकलीत आहां, तेथें या आठवड्यांतच जा. तुमचा एक शब्द त्या घरच्या बर्फावर पसरलेली मूठभर माती ठरेल.

त्रोवसांत राहिलेला आपला झगा व पुस्तकें पौलानें मागितलीं. हिंवाळ्यांत त्या समुद्रावरील गलबतें बंद होत. तीमथ्य वेळेवर पोंहचला कीं नाहीं, हें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. आपणाविषयीं तरी असें होऊं नये. ज्याला भेटावयाचें, ज्याला क्षमा करावयाची, त्याच्याकडे आपण हिंवाळ्यापूर्वीं जावें, एवढी कृपा प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.