उरलेला भात कोण खातं?

घोटीत भाताच्या गिरण्या बऱ्याच आहेत. त्यातली एक माझ्या मित्राच्या घरची. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर, नव्या भाताची आवक जोरात असताना, मी तिथे सहज गेलो होतो. पोती तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मित्राने मला गमतीत उभं केलं. आकडा आला 96 किलो 400 ग्रॅम. शेजारी पाठीवर कट्टा घेऊन थांबलेला हमाल हसत म्हणाला, "दादा, दोन कट्टे भरले की तुम्ही!" कट्टा पन्नास किलोचा. हिशेब साधारण बरोबर होता.

दुपारी त्याने डबा उघडला. चार जाड भाकरी, वाटाण्याची उसळ, वर भात. मी तेव्हा एका ॲपच्या सांगण्यावरून दुपारी काकडी आणि दोन उकडलेली अंडी खात होतो. तो माझ्या दुप्पट जेवला, हात धुतले आणि पुन्हा पोती उचलायला गेला. त्याच्या अंगावर चरबी नावाला नव्हती.

घरी येताना एक प्रश्न डोक्यात बसला. माझ्या लठ्ठपणाला सगळे, आणि सगळ्यांत जास्त मी स्वतः, स्वभावातला दोष समजतो. आळशी, खादाड, इच्छाशक्ती नसलेला. मग त्या हमालाच्या सडपातळपणाला त्याचा सद्गुण का म्हणत नाही? कारण उघड आहे. तो दिवसभर ओझी वाहतो, त्याच्याकडे दुसरा पर्याय नाही. म्हणजे त्याचं शरीर परिस्थितीने घडवलं आणि माझं मात्र चारित्र्याने, असं आपण धरून चालतो. हा दुहेरी न्याय कुठून आला?

*

इंजिनिअर झालो तेव्हा मी 72 किलोचा होतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन पुण्याहून घोटीला परत आलो आणि काम घरूनच सुरू राहिलं. पलंग ते खुर्ची सहा पावलं. दर जानेवारीत मी 'मोटिव्हेशन' शोधायचो. व्हिडिओ पाहायचो, नवे बूट घ्यायचो, एकदा नाशिकच्या जिमची वर्षाची फी भरली आणि मोजून अकरा दिवस गेलो. मोटिव्हेशन यायचं, पण वळवाच्या पावसासारखं. धो धो पडून जायचं आणि चार दिवसांनी जमीन कोरडी.

मराठीत या शब्दाच्या आसपास आपल्याकडे बरेच शब्द आहेत: प्रेरणा, जिद्द, चिकाटी, संयम. त्यांच्यातला फरक मला कळसूबाईवर कळला. आमच्याकडून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागलं की पायथ्याचं बारी गाव येतं. 1646 मीटरचा तो डोंगर मी 96 किलो वजन घेऊनही चढलो आहे. जिद्दीने चढलो. नवरात्रात तर म्हाताऱ्या बायका देवीच्या दर्शनाला तो चढतात. पण डोंगराला माथा असतो. संध्याकाळपर्यंत जिद्द टिकली की काम झालं. वजनाला माथा नाही. तिथे उद्या सकाळी पुन्हा पायथ्याशीच उभं राहायचं असतं. जिद्द या कामाचं हत्यारच नाही.

'कळतं पण वळत नाही' हा प्रश्न तत्त्वज्ञानात फार जुना आहे. सॉक्रेटिसचं म्हणणं होतं की असं होऊच शकत नाही. ज्याला चांगलं काय ते खरंच कळलं, तो वाईट करणार नाही. ॲरिस्टॉटलला हे पटलं नाही. माणसं कळूनही चुकतात हे त्याने मान्य केलं आणि पुढे एक भेद केला, जो मला फार उपयोगी वाटतो. एक माणूस मोह होत असताना स्वतःला आवरतो. दुसऱ्याला तो मोह फारसा होतच नाही, कारण त्याच्या आवडीच तशा घडलेल्या असतात. आपण टाळ्या पहिल्यासाठी वाजवतो. ॲरिस्टॉटल दुसऱ्याला वरचा मानतो. आणि ही घडण कशी होते? सवयीने. लहानपणापासून, घरातल्या आणि गावातल्या वळणाने. म्हणजे ज्याला आपण एकट्याचा सद्गुण म्हणतो, त्यात पुष्कळांचा हात असतो.

*

शरीराची घडण तर त्याहूनही आधी सुरू होते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन. आपली बाळं लहानखुरी, स्नायू कमी, पण त्या मानाने चरबी टिकवून धरलेली. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी शेजारी शेजारी उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आईच्या पोटात असताना अन्न कमी मिळालं, तर शरीर पुढच्या टंचाईची तयारी करून ठेवतं. टंचाई आलीच नाही आणि समोर फरसाणाचा डबा आला, तर तीच तयारी अंगावर येते.

आमचं मूळ गाव सिन्नर तालुक्यातलं, कोरडवाहू. 1972 च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. माझे वडील त्या वेळी तिच्या पोटात होते. ते आयुष्यभर काटकुळे राहिले आणि एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला. एका घराच्या गोष्टीवरून विज्ञान सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. पण आजी शेवटपर्यंत माझ्या ताटात तिसरी पोळी टाकत "अर्ध्या पोटी उठू नाही" असं का म्हणायची, ते याज्ञिकांचं काम वाचल्यावर मला वेगळं दिसायला लागलं. तिचं प्रेम बहात्तर सालच्या भुकेतून आलं होतं. ते नाकारायला मला इच्छाशक्ती कमी पडली, असं म्हणणं फार उथळ आहे.

आता तर औषधांनीही हा प्रश्न उघडा पाडलाय. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही वजनासाठीची इंजेक्शनं 2025 मध्ये भारतात विकायला आली. ज्यांनी ती घेतली त्यांच्यातले बरेच जण सांगतात की डोक्यात सतत चालणारा खाण्याचा विचारच शांत झाला. चारित्र्य तेच, माणूस तोच, एक संप्रेरक बदललं आणि 'संयम' आला. मग ज्यांच्या डोक्यात तो गोंगाट जन्मतःच कमी असतो, ते संयमी की नशीबवान?

इथे एक धोका आहे. सगळंच परिस्थितीने ठरतं म्हटलं की हात झटकायला मोकळे. माझ्या कामात मला याचं उत्तर मिळालं. सर्व्हर रात्री दोनला पडतो, तेव्हा चूक सात वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कुणाची तरी असते. त्याला शिव्या देऊन सर्व्हर उठत नाही आणि 'कोड माझा नाही' म्हणूनही उठत नाही. दोष आणि जबाबदारी वेगवेगळ्या असतात. हे शरीर असं होण्यात माझा दोष किती, हा वाद कधीच संपणार नाही. पण आज ते माझ्या ताब्यात आहे. लाज सोडून द्यायची, जबाबदारी नाही.

*

मग करायचं काय? महाराष्ट्रात या प्रश्नाचं सर्वांत गाजलेलं उत्तर डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून उचललेलं सूत्र: कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवण आटपायचं, मध्ये काही खायचं नाही, आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दुसरीकडे ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणत होत्या. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून दोन काकांचं बोलणं बंद झालं होतं. इन्सुलिनबद्दल कोण बरोबर, हे ठरवण्याची माझी पात्रता नाही. पण दीक्षितांच्या पुस्तकाच्या नावातला 'विनासायास' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. नियमाची ताकद त्याच्या सोपेपणात आहे. 'थोडं कमी खा' यात दिवसातून वीस वेळा स्वतःशी भांडावं लागतं. 'मध्ये काही नाही' यात एकदाच.

हेच मी इगतपुरीच्या धम्मगिरीत अनुभवलं. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा उद्देश वजन हा नाहीच. पण तिथे अकराला जेवण, पाचला नवख्यांना चहा आणि थोडं फळ, की थेट दुसऱ्या दिवशीचा नाश्ता. जुने साधक तर दुपारनंतर खातच नाहीत. दहा दिवसांत एकदाही मला मोटिव्हेशनची गरज पडली नाही. मला वाटलं, जमलं, मी बदललो! बाहेर पडल्यावर स्टेशनजवळ पहिल्या अर्ध्या तासात तीन वडापाव खाल्ले. तिथे मी संयमी नव्हतो. तिथलं स्वयंपाकघर बंद होतं.

घरचं स्वयंपाकघर कोण बंद करणार, हा पुढचा प्रश्न. आणि माझा खरा धडा तिथे होता.

मी दोन वेळचं जेवण सुरू केलं. पहिलं दुपारी बाराला, दुसरं संध्याकाळी सातला. वडील त्यांच्या औषधांमुळे वेगळ्या वेळी खाणार. माझी नागलीची भाकरी, त्यांची पोळी, धाकट्या भावाला इंद्रायणीचा भात हवाच. मी तीन महिन्यांत पाच किलो उतरलो. ऑफिसच्या कॉलवर कौतुक झालं. 'काय विलपॉवर आहे!' मलाही ते खरं वाटलं.

एका रात्री पाणी प्यायला उठलो. आई ओट्याशी उभी राहून पातेल्यातून भात खात होती. साडेदहा वाजले होते. ती आधीच जेवलेली होती. मी विचारलं तर म्हणाली, "अरे, तू खात नाहीस आता, उरतो. टाकायचा का?"

मी नाकारलेला भात ती खात होती. ती सवयीने चौघांचाच तांदूळ घेत होती. त्या तीन महिन्यांत तिच्या कामाला दिवसाकाठी दीड तास जास्त लागत होता आणि तिची शुगर वाढली होती. माझ्या अंगावरचं थोडं वजन मी उतरवलं नव्हतं, तिच्या अंगावर टाकलं होतं.

मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. आई गेली तीस वर्षं चतुर्थी, एकादशी, सोमवार धरते. भूक सहन करण्यात या घरात तिच्याइतकं तयार कुणी नाही. मी सोळा तास उपाशी राहिलो तर ती इच्छाशक्ती. ती राहिली तर ती बाईची रीत. आणि इतका संयम असूनही तिचं वजन उतरलं नाही, कारण उपास तिचा आणि उष्टं-उरलंही तिचंच. संयमाने वजन उतरत असतं, तर आमच्या घरात सगळ्यांत सडपातळ आई असती.

एखाद्याची शिस्त दुसऱ्याच्या कष्टावर उभी असेल, तर तिला सद्गुण म्हणायचं का? मला वाटतं, नाही. निदान हिशेब पूर्ण मांडल्याशिवाय नाही. जिममधले, व्हिडिओतले बहुतेक तपस्वी पुरुष आहेत. त्यांची अंडी कुणी उकडली, हे आपल्याला दिसत नाही.

*

त्यानंतर आम्ही घरात ज्या गोष्टी बदलल्या त्या साध्या आहेत. त्यातली एकही माझ्या एकट्याची नाही.

तांदूळ वाटीने मोजून घ्यायचा, माणशी अर्धी वाटी. निर्णय शिजवताना घ्यायचा, ताटावर बसल्यावर नाही. रात्रीचा स्वयंपाक मी आणि भाऊ आलटून पालटून करतो. साडेसातला चौघं एकत्र बसतो, आईसुद्धा, आणि सगळ्यांचं एकच: भाकरी, मटकी किंवा हुलग्याची उसळ, पालेभाजी, शेवटी थोडा भात. वडिलांनी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ त्याप्रमाणे जुळवली. जे मधुमेहाची औषधं घेतात त्यांनी जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नयेत, हे मुद्दाम सांगतो. फरसाण घरात आणायचं नाही. खायचं असेल तर बाजारपेठेत चालत जाऊन, तिथेच, एक प्लेट. वजन आठवड्यातून एकदा, रविवारी, आणि त्या आकड्यावर घरात कुणी काही बोलायचं नाही. जेवणानंतर आई आणि मी अर्धा तास चालतो.

पावसाळ्यात हे चालणं अडतं. आमच्याकडे चार महिने रस्ता दिसत नाही असा पाऊस. पहिल्या वर्षी जूनमध्येच मोडलं. गेल्या वर्षी मित्राने गिरणीची शेड रात्री उघडून दिली. कोंड्याच्या वासात, थप्प्यांच्या मधून, आम्ही मायलेक फेऱ्या मारायचो. तो हमाल कधी तिथे बसलेला असायचा. त्याची पाठ आता दुखते, कमरेला पट्टा बांधतो. वय चाळिशीच्या आतलं. त्याच्या सपाट पोटाची किंमत कोण मोजतंय, तेही तेव्हा कळलं. त्याला माझं वजन हलकं करायचं काम फार मजेशीर वाटतं.

मी सध्या 86 किलोवर आहे. चार महिने काटा तिथेच अडलाय. आईची शुगर उतरली आहे, तिचं वजन तीन किलोने. मित्र विचारतात, "मोटिव्हेशन कुठून आणलंस?" मला सांगता येत नाही. कित्येक संध्याकाळी मला चालायला जायचं नसतं. आई चपला घालून दारात उभी असते, म्हणून जातो. तीही कधी कधी दमलेली असते. मग मी छत्री घेऊन उभा असतो.

पातेल्यात हल्ली भात फारसा उरत नाही. उरलाच तर सकाळी फोडणी घालून चौघं वाटून घेतो.