पाहुणेपणाचे ऋण

एखादे कुटुंब परदेशी राहावयास निघाले की आप्तेष्टांचे प्रश्न ठरलेले असतात. पगार किती? घर कंपनीचे की भाड्याचे? मुलांना शाळा कोणती? मिस्सा मिळते की नाही? हे सारे प्रश्न रास्तच आहेत. संसार घेऊन निघालेल्या माणसाने हिशेब हा केलाच पाहिजे. तथापि हे प्रश्न एकाच बाजूचे आहेत. तिथे आपल्याला काय मिळणार, एवढेच ते विचारतात. ज्या भूमीत आपण आपली चूल मांडणार, त्या भूमीचे आणि तेथील माणसांचे आपण काय देणे लागतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही काही वर्षे सहकुटुंब मस्कतला राहिलो. वसईची, मुंबईची, गोव्याची कितीतरी कुटुंबे तिथे पाहिली. त्या वास्तव्यात हा न विचारलेला प्रश्न आमच्या मनात घर करून बसला. त्याचाच थोडा विचार येथे करावयाचा आहे.

ओमानला आपण ‘परदेश’ म्हणतो, पण वास्तविक तो आपला शेजार आहे. मधे अरबी समुद्र आहे इतकेच. मुंबईहून विमान तीन तासांच्या आत मस्कतला पोहोचते. वसईहून गावी कोकणात जाणाऱ्याला याहून अधिक वेळ लागतो. कच्छमधील मांडवीचे भाटिया व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या मस्कतच्या बंदरात पेढ्या चालवीत आले. आखाती प्रदेशात आपला रुपया चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास त्या भागासाठी वेगळ्या नोटा काढल्या, आणि मस्कतमध्ये १९७० सालापर्यंत व्यवहार रुपयांत होत राहिले. ये-जा एकाच दिशेने होती असेही नाही. ओमानचे सुलतान तैमूर बिन फैसल यांनी १९३२ साली गादी सोडली आणि १९६५ साली त्यांचे निधन झाले ते आपल्या मुंबईत. तेव्हा पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे काळाच्या ओघात बदलत आले आहे. तेलाचा पैसा येण्यापूर्वी पोटापाण्यासाठी मुंबईकडे पाहणारा तो किनारा होता. आज आपण त्या किनाऱ्याकडे पाहतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुष्कळांचे उत्तर सरळ असते : “आम्ही श्रम दिले, त्यांनी पगार दिला. हिशेब मिटला.” या उत्तरात सत्याचा अंश आहे. आपण भीक मागावयास गेलो नव्हतो. तेथील रस्ते, इस्पितळे, शाळा, कार्यालये यांत परकीयांचा घाम मिसळलेला आहे, आणि ओमानमध्ये आज दर दहा माणसांमागे सुमारे चार परदेशी आहेत. परंतु पगाराच्या पावतीत न मावणाऱ्या काही गोष्टी असतात. रुवी येथील संत पीटर व संत पॉल यांचे चर्च आणि घाला येथील पवित्र आत्म्याचे चर्च, ही दोन्ही सुलतान काबूस यांनी दिलेल्या जमिनीवर उभी आहेत. मुसलमान राजाने ख्रिस्ती परक्यांना दिलेली ती जागा कोणत्या कराराचे कलम होती? शुक्रवारी, तेथील सुट्टीच्या दिवशी, आपली मंडळी मोकळेपणाने मिस्सेला जमतात. ईदच्या दिवशी शेजारच्या ओमानी घरातून आपल्या दारी खजूर आणि हलवा येतो. या गोष्टींची किंमत पैशात करता येत नाही, म्हणूनच त्या पैशाने फिटतही नाहीत. जिथे व्यवहार संपतो तिथे ऋण सुरू होते.

हे ऋण मानावयाचे, तर ते फेडावयाचे कोणाला? केवळ सुलतानाला किंवा मालकाला, असे म्हणून भागणार नाही. येथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. एकाच विमानातून उतरलेल्या दोन माणसांना आपण दोन शब्दांनी ओळखतो. एक ‘एक्स्पॅट’, दुसरा ‘लेबर’. देश तोच, पासपोर्ट तोच, पोटाची भूक तीच. एकाचे घर वातानुकूलित, दुसऱ्याची खोली आठ जणांची. जून ते ऑगस्ट या महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचे काम बंद ठेवावे असा ओमानमध्ये नियम आहे. तो कोणासाठी करावा लागला, हे सांगावयास नको. परंतु या दोघांतला सर्वांत मोठा भेद उन्हाचा नाही, कुटुंबाचा आहे. बायकामुलांना सोबत आणण्याचा परवाना ठरावीक पगाराच्या वरच मिळतो. २०१७ साली ही मर्यादा ६०० रियालांवरून ३०० रियालांवर आणली गेली, पुढे ती आणखीही बदलली. मर्यादा वर असो वा खाली, तिच्या पलीकडे राहिलेला माणूस आपल्या मुलाचे पहिले पाऊल छायाचित्रातच पाहतो.

आपण कुटुंबाच्या पावित्र्याविषयी पुष्कळ बोलतो. मग एवढे तरी मान्य केले पाहिजे की आपले कुटुंब एकत्र राहिले ते आपल्या सद्‌गुणांमुळे नव्हे. आपल्या पदवीमुळे आणि पगारामुळे ते राहिले. ज्याचे कुटुंब दुरावले, त्याचे आपल्या कुटुंबावर प्रेम कमी होते असे थोडेच आहे?

आणि हा भेद आपल्या उंबरठ्याच्या आतही येतो. दोघे नोकरी करतात, म्हणून घरी मुलांना सांभाळावयास बाई ठेवावी लागते. ती आपल्याकडलीच असते, अथवा श्रीलंकेची, फिलिपिन्सची. ती आपल्या बाळाला जोजवते तेव्हा तिचे बाळ आजीजवळ झोपी जात असते. आपले कुटुंब एकत्र राहावे म्हणून दुसऱ्या एका कुटुंबाची ताटातूट झालेली असते, आणि त्या ताटातुटीवर आपल्या घराची घडी बसलेली असते. यात कोणी कोणावर जबरदस्ती केली असे नाही. तिलाही पैशाची निकड असते. पण संमतीने झालेली गोष्ट न्याय्यही असतेच, असे मानता येत नाही. ओमानच्या २०२३ सालच्या कामगार कायद्यातूनही घरकामगार वगळलेले आहेत. त्यांच्यासाठी नियम वेगळे. म्हणजे कायद्याचा हात जिथे सैल पडतो, तिथे मालकाच्या सदसद्‌विवेकबुद्धीवरच सारे अवलंबून राहते. तिचा पासपोर्ट तिच्याच हाती असणे, आठवड्याची सुट्टी मिळणे, तिला मुलाशी फोनवर निवांत बोलता येणे, वर्षा-दोन वर्षांनी गावी जाता येणे, या गोष्टी आपण दिल्या तर तो उपकार नव्हे. ते तिचे आपल्याकडे असलेले येणे आहे.

परदेशी राहणाऱ्या कुटुंबांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असते : “आपण इथे कायमचे थोडेच राहणार?” ते खोटे नाही. व्हिसा नोकरीला बांधलेला असतो आणि तीस वर्षे राहिले तरी नागरिकत्व सहसा मिळत नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा लाखाहून अधिक भारतीयांना चालते घर टाकून मायदेशी यावे लागले. ती आठवण आपल्या गावांत अद्याप जिवंत आहे. म्हणून तात्पुरतेपणाची जाणीव शहाणपणाचीच होय. पण त्याच वाक्याच्या आडोशाला आपण बरेच काही टाळतो. कायमचे राहणार नाही, म्हणून तेथील भाषा शिकत नाही. शेजाऱ्याचे नाव विचारीत नाही. बाईला नीट पगार देण्याचे पुढल्या वर्षावर ढकलतो. आणि गावी आल्यावर, आपण तर परदेशात असतो, म्हणून गावाच्या प्रश्नांतही पडत नाही. असे करता करता माणूस दोन्ही घरांत तात्पुरता होऊन बसतो. मुक्काम तात्पुरता असू शकतो. नीती तात्पुरती असू शकत नाही. आपण कोठेही असलो तरी तिथले दिवस आपल्या एकमेव आयुष्यातूनच वजा होत असतात.

बायबलमध्ये अशाच एका कुटुंबाची कथा आहे. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून अलीमलेख बायको नामी व दोन मुलगे यांना घेऊन शेजारच्या मवाब देशी राहावयास गेला. तिथे तो वारला. मुलांनी मवाबी मुलींशी लग्ने केली, आणि सुमारे दहा वर्षांनी तेही वारले. नामी परत फिरली तेव्हा तिची सून रूथ तिच्यासोबत आली. आता पारडे फिरले होते. काल मवाबात जे परके होते, त्यांच्या दारी मवाबची परकी स्त्री उभी होती. बवाजाने आपल्या शेतात तिला सरवा वेचू दिला, कापणाऱ्यांना तिच्यासाठी मुद्दाम कणसे टाकावयास सांगितले. त्या कथेत खरी कसोटी लागते ती घर सोडून गेलेल्यांची नव्हे, घरी असलेल्यांची.

ती कसोटी आज आपल्यालाही लागू आहे. २०१८ च्या जानेवारीत ओमानने ८७ प्रकारच्या नोकऱ्यांसाठी परदेशीयांना नवे व्हिसा देणे थांबविले, कारण तेथील सुशिक्षित तरुण बेकार होते. त्या वेळी आपली माणसे म्हणत, “हा देश आम्ही उभारला आणि आता आम्हालाच दार दाखवता?” त्या दुःखात तथ्य होते. ज्याने उमेदीची वर्षे दिली, त्याला एका परिपत्रकाने परके ठरवू नये, हे यजमानाचेही देणे आहे. पण तेथील बापाला आपल्या मुलाला नोकरी लागावी असे वाटणे हा गुन्हा नव्हे. आणि तीच माणसे सुट्टीत वसईला किंवा मुंबईला आली की स्टेशनाबाहेरच्या गर्दीकडे पाहून म्हणतात, “या परप्रांतीयांनी आमचे गाव गिळले!” मस्कतमध्ये आपण जो न्याय मागतो, तो विरारच्या चाळीतल्या बिहारी गवंड्याला देतो का? एकाच ओठांनी दोन किनाऱ्यांवर दोन न्याय बोलता येणार नाहीत. आपली जमीन, पाणी, भाषा यांची काळजी आपण जरूर करावी. नियोजनशून्य वाढीला विरोधही करावा. पण तो विरोध धोरणाला असावा, पोटासाठी आलेल्या माणसाला नसावा.

यजमानाचे ऋण यजमानालाच परत करता येते असे नाही. ज्या ओमानी शेजाऱ्याने आपल्याला खजूर दिले, त्याला कदाचित आपली कधीच गरज पडणार नाही. ते ऋण पुढे द्यावे लागते : आपल्या घरी राबणाऱ्या बाईला, आपल्याच विमानातून आलेल्या मजुराला, आणि आपल्या गावात नव्याने भाड्याने राहावयास आलेल्या, अजून मराठी न येणाऱ्या कुटुंबाला. परदेशातून आपण पैसा आणतो, सोने आणतो, मुलांसाठी खाऊ आणतो. परके असणे म्हणजे काय, याचे ज्ञानही आपण सोबत आणले, तर आपल्या गावाला त्या वर्षांचा खरा लाभ झाला असे म्हणता येईल.