अभय कोणी कोणास द्यावें?

‘अभयारण्य’ हा शब्द आतां इतका सरावाचा झाला आहे कीं, त्यांतील ‘अभय’ कोणाचें, हें विचारण्याची गरज कोणास भासत नाहीं. सरकारी राजपत्रांत तो येतो, रस्त्याच्या कडेच्या पाटीवर येतो, आणि सहलीस निघालेल्या मंडळींच्या तोंडीं तर तो ‘हिंडण्याजोगें रान’ एवढ्याच अर्थानें येतो. वास्तविक अभय हें दान आहे. आपल्याकडे सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ मानिलें गेलें, याचें कारणहि उघड आहे. अन्नदान करणाऱ्यापाशीं भरलेलें कोठार असावें लागतें. अभयदान करणाऱ्यापाशीं दुसऱ्यास भिवविण्याचें सामर्थ्य असावें लागतें, आणि तें असूनहि त्यानें वापरूं नये अशी अपेक्षा असते. ‘अभय असेल तर बोलतों’ असें दरबारांत म्हणणारा सेवक द्रव्य मागत नसे. राजानें आपला हात आवरावा, एवढेंच त्याचें मागणें असे. तेव्हां जेथें देणाऱ्याचें कांहींच खर्चीं पडत नाहीं, तेथें अभय दिलें गेलें असें म्हणतां यावयाचें नाहीं.

हा विचार आम्हांस सुचण्याचें निमित्त अकोलें तालुक्यांतील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य हें होय. सह्याद्रीच्या धारेवर, पूर्वीच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास असलेलें हें रान १९८६ सालीं अभयारण्य म्हणून घोषित झालें. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरांचें कळसूबाई, त्यांत आहे. माथ्याजवळच्या कातळास आरपार भोंक पडून ज्याचें नेढें झालें आहे तो रतनगड, सामरद गांवाजवळची सांदण नांवाची अरुंद घळ, हरिश्चंद्रगडाचा कोंकणकडा, प्रवरेचा उगम आणि त्याच नदीवर १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण, हीं सर्व याच मुलखांत. पायीं हिंडणाऱ्यास याहून अधिक काय हवें? हिंडणारे येतातहि, सुटीच्या दिवशीं बारी गांवापासून कळसूबाईच्या वाटेवर जी रीघ लागते ती पाहिली म्हणजे एखाद्या क्षेत्राची आठवण व्हावी. या येणाऱ्यांस हिणविण्याचा आमचा हेतु नाहीं. घरांत बसून निसर्गावर निबंध लिहिणाऱ्यापेक्षां घाम गाळून शिखर गांठणारा केव्हांहि बरा. प्रश्न एवढाच कीं, या रानांत पाऊल टाकणारा मनुष्य अभय घेण्यास जातो कीं देण्यास?

घेण्यास जाणें कांहीं नवें नाहीं. कळसूबाईची जी कथा त्या भागांत सांगतात, ती मुळीं आश्रयाचीच कथा आहे. कळसू नांवाची कोळ्याची एक मुलगी कोणा एकाच्या घरीं कामास राहिली. भांडीं घासणार नाहीं, केर काढणार नाहीं, ही तिची अट. एके दिवशीं घरच्या कोणी तिला भांडीं घासावयास लाविलें. तिनें तीं घासलीं, आणि लागलीच डोंगराची वाट धरली ती पुनः खालीं आली नाहीं. शिखरावरचें लहानसें देऊळ तिचें. दिलेलें वचन मोडणाऱ्या घराहून उघडा कातळ बरा, असें मानणाऱ्या त्या पोरीस लोकांनीं देवी केलें, यांत आम्हांस लोकांची न्यायबुद्धि दिसते. पुढें इंग्रजी अमलाविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगरे यांसहि याच डोंगरांनीं कांहीं काळ पाठीशीं घातलें. ते पकडले गेले ते येथून दूर पंढरपुरास, आणि १८४८ सालीं ठाण्यास फांसावर गेले. परंतु कळसू काय आणि राघोजी काय, मनुष्यांच्या भयानें किंवा अन्यायानें डोंगराकडे गेलीं. आजचा प्रवासी सुखरूप घरांतून निघतो, आणि तेथें पोंचल्यावर त्यास भय वाटूं लागतें तें डोंगराचेंच!

या भयावर उपाय म्हणून कळसूबाईच्या उभ्या कातळांवर लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. शिड्यांनीं डोंगर बाटला असें म्हणणाऱ्या कडव्या गिर्यारोहकांचा पक्ष आम्हांस मान्य नाहीं. नवरात्रांत देवीस जाणाऱ्या म्हाताऱ्या बाईस त्या शिडीचा आधार होतो, आणि तिच्या गुडघ्यांपुढें कोणाच्या साहसाची मातब्बरी आम्हीं तरी मानीत नाहीं. शिवाय पायऱ्या नसणें हेंच कांहीं निसर्गाचें मूळ रूप नव्हे. सह्याद्रींतील कित्येक गडांच्या खोदीव पायऱ्या इंग्रजांनीं एकोणिसाव्या शतकांत सुरुंग लावून उडविल्या, कां कीं पुनः कोणी वर जाऊन बंड करूं नये. ज्या चढणीस आज ‘अवघड’ म्हणून वाखाणलें जातें, तिची अवघडता अशी क्वचित् दारूगोळ्याचीहि असते.

कोंकणकड्याची गोष्ट मात्र निराळी आहे. हरिश्चंद्रगडाच्या पश्चिमेस हा कडा नुसता तुटलेला नाहीं, तर नागाच्या फणीसारखा आंत वळलेला आहे. खालीं कोंकण. खालून वारा असा चढतो कीं पावसाळ्यांत हलकीशी वस्तु टाकिली तर ती वर परत येते. काठाशीं उभें राहवत नाहीं म्हणून मनुष्य पालथा पडतो, आणि हनुवटी दगडाला टेकून खालीं पाहतो. शहाणपणाची एवढी एकच रीत तेथें आहे, आणि ती कोणी शिकविल्यावांचून येते. येथें कठडा बांधावा असें कोणी सुचविल्यास त्यानें जीव वांचतील, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कठड्याशीं मनुष्य उभा राहील, रेलेल, पाठ फिरवून स्वतःचें छायाचित्र काढील. आज जो दंडवत त्याच्याकडून नकळत घडतो, तो घडणार नाहीं. भय हें नेहमींच भ्याडपणाचें लक्षण नसतें. कित्येकदां तें वस्तूचें खरें माप घेण्याचें साधन असतें. ज्याचें भय अजिबात काढून घेतलें, त्यास त्या खोलीचें ज्ञान तरी कशानें व्हावें?

याच गडावर कधीं कधीं दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याचें वर्णन कर्नल साइक्स यांनीं १८३५ सालीं प्रसिद्ध केलें. कोंकणकड्यावर येणारे लोक त्यास इंद्रवज्र म्हणतात. सूर्य पाठीशीं आणि पुढें दरींत धुकें असलें म्हणजे धुक्यावर आपली सावली पडते व तिच्या मस्तकाभोंवतीं रंगांचें कडें उमटतें. यांत मौज अशी कीं, दहा माणसें शेजारीं उभीं असलीं तरी प्रत्येकास तें वलय स्वतःच्याच डोक्याभोंवतीं दिसतें. कड्यावरून परतणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या बोलण्यांत त्या वलयाचा अंमल पुढें फार दिवस टिकतो, असा आमचा अनुभव आहे.

असो. अभय देणें म्हणजे काय, हें पाहावयाचें तर कड्यावर जाण्याचेंहि कारण नाहीं. मे महिना सरतांना, पावसाच्या तोंडावर, भंडारदऱ्याच्या आसपासच्या रानांत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे जमतात. त्यांचा प्रकाश आपल्या करमणुकीसाठीं नसतो, हें लहान मुलासहि ठाऊक असावें, परंतु त्याचा अर्थ फार थोडे लक्षांत घेतात. तो प्रकाश ही हांक आहे. नर उडतांना लुकलुकतो, मादी बसल्या जागेवरून उत्तर देते. अळीच्या रूपांत कित्येक महिने ओल्या मातींत काढल्यावर पंख फुटलेल्या या जीवास थोडे आठवडेच काय ते मिळतात, आणि तेवढ्यांत हांक व उत्तर यांची गांठ पडली नाहीं तर त्याचा वंश तेथेंच खुंटतो. आतां या वेळीं ‘काजवा महोत्सव’ म्हणून शहरांतून मोटारी येतात. त्यांचे दिवे झाडांवर पडतात, हातांतल्या विजेऱ्या पेटतात, भ्रमणध्वनीचे पडदे उजळतात. त्या झोतांत हांक बुडून जाते. ज्यांस पाहावयास आलों, त्यांस आपल्या पाहण्यानेंच आंधळें करावें, याहून विपरीत यात्रा दुसरी कोणती?

येथें दिवा कां पेटतो, याचा विचार करण्यासारखा आहे. तो दुष्टपणानें पेटत नाहीं. काळोखांत पायाखालीं काय आहे हें दिसेनासें होतें, साप-विंचवाची धास्ती वाटते, मुलाचा हात सुटेल असें वाटतें, म्हणून तो पेटतो. म्हणजे काजव्यास अभय हवें तर तें भय दुसऱ्या कोणी अंगावर घेतलें पाहिजे. दिवा मालवून, मोटार गांवांतच ठेवून, वाटाड्याच्या मागें चांचपडत चालणारा मनुष्य तेवढी घटकाभर खराखुरा दाता असतो. प्रवेशाची पावती फाडणारा नव्हे. पैसे देऊन जें मिळतें तो परवाना. अभय त्याहून महाग पडतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. कोणी म्हणेल, ‘तुमचा काळोख एका रात्रीचा, ज्यांस तेथें जन्म काढावयाचा, त्यांचें काय?’ हें रान निर्मनुष्य कधींच नव्हतें. महादेव कोळी व इतर समाज तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहतात. भात, नागली पिकवितात, हिरडा गोळा करून विकतात. ज्या वाटांनीं आपण हौसेनें चढतों, त्यांपैकीं बहुतेक त्यांच्या गुरांनीं व त्यांच्या बाजारहाटानें पडलेल्या आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अभयारण्यांतील वावरावर निर्बंध आले. बिबट्यानें गोठ्यांतलें जनावर नेलें तर सरकारी भरपाई मिळते हें खरें, परंतु दार ओढून घेऊन कानोसा घेत काढलेल्या रात्रीची भरपाई कोणत्याच खात्यांतून मिळत नाहीं. म्हणजे बिबट्यास जें अभय आपण शहरांतून ठराव करून दिलें, त्याचें मोल दुसऱ्याच्या गोठ्यांतून वसूल झालें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तर प्रस्तावनेंतच वनवासी लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचें मान्य केलें आहे.

या आक्षेपापुढें अभयारण्यें मोडावीं असें आम्हांस वाटत नाहीं. शेकरूस झाडें हवींत, आणि तीं राखणारा कायदाहि हवा. परंतु दान एकानें द्यावें आणि पुण्य दुसऱ्यानें घ्यावें, हा व्यवहार कोणत्याहि शास्त्रांत बसत नाहीं. हिरडा वेंचणाऱ्या बाईस जो नियम लागू आहे, त्याहून कडक नियम पाहुण्यास लागू असला पाहिजे. तिची वाट आधीं, आपली वाट मग. कोणती वाट केव्हां बंद असावी, रात्रीं किती माणसें रानांत असावींत, हें ठरवितांना त्या गांवांतील माणसाचा शब्द शेवटचा असावा. तो केवळ ओझें वाहणारा किंवा पिठलें-भाकरी करून वाढणारा नव्हे.

सांदणींत हें कांहीं अंशीं आपोआप घडतें. दोन्हीं बाजूंस उंच कातळ, मधें चिंचोळी फट, आणि तिच्या तळाशीं ठिकठिकाणीं साचलेलें थंड पाणी. वर डोंगरावर सर आली तर घळींत लोंढा केव्हां येईल याचा अंदाज पुस्तक वाचून करतां येत नाहीं. तो सामरदच्या माणसास येतो. आकाश भरून आलें म्हणजे ‘आज नको’ एवढेंच त्यानें म्हणावें, आणि मुंबई-पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेल्या मंडळींनीं, कितीहि पैसे देऊं केले असले तरी, मुकाट्यानें माघारीं फिरावें. मग पाऊस लागतो. घळ पाण्यानें भरते, वाट बंद होते, आणि गांवांतलीं माणसें भाताच्या लावणीस लागतात.