बिनविरोध

मामा तरुणपणी हॉकी खेळत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला वाडा विकून बरीच जुनी मराठी घरं सिटी सेंटरच्या फ्लॅटांत आली, तसे तेही आले. जिल्ह्यातल्या एका क्रीडा संघटनेच्या अध्यक्षपदासाठी एकच अर्ज होता, एका आमदाराचा. जुने खेळाडू मामांना गळ घालत होते, तुम्ही उभे राहा. पुण्याहून आलेल्या भाचीशी त्यांचं जे बोलणं झालं ते असं. (त्यांच्या मराठीतली निम्मी हिंदी मी गाळली आहे.)

भाची : भरा की अर्ज, मामा. आमदाराला हॉकीतलं काय कळतं?

मामा : काही नाही. पण भोपाळमध्ये फाईल कुठल्या टेबलावर अडते ते कळतं. मला पेनल्टी कॉर्नर कळतो. पोरांना टर्फ हवंय, आणि ते काही पेनल्टी कॉर्नर कळल्याने मिळत नाही.

भाची : म्हणजे हक्काची गोष्ट वशिल्याने मिळवायची.

मामा : माधवराव शिंद्यांचंच घे. 1984 साली लोकसभेला इथे त्यांनी वाजपेयींना हरवलं. 1990 मध्ये क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी, वर्णभेदामुळे इतकी वर्षं बाहेर बसवलेला दक्षिण आफ्रिकेचा संघ परतला, तो भारतात. सामने तीनच. कलकत्ता, ग्वाल्हेर, दिल्ली. मुंबई नाही, मद्रास नाही. ग्वाल्हेर! का, ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

भाची : आणि ज्या गावाचा अध्यक्ष नव्हता, त्या गावाने काय करायचं?

मामा : आपला अध्यक्ष शोधायचा. अगं, तुमचं वानखेडे तरी कसं झालं? शेषराव वानखेडे विधानसभेचे अध्यक्ष होते. तिकिटांवरून त्यांच्या क्रिकेट संघटनेचं क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी बिनसलं, तेव्हा ब्रेबॉर्नच्या जवळच दुसरं स्टेडियम उभं केलं. 1975 च्या जानेवारीत तिथे कसोटी झाली. जागा, सिमेंट, परवानग्या... नुसत्या खेळाडूला जमलं असतं?

भाची : नसतं. पण देणारा एकदा मोठा झाला की कुणाला द्यायचं तेही तोच ठरवतो. तुमचं रूपसिंग स्टेडियम मुळात हॉकीचंच ना?

इथे मामा जरा वेळ बोलले नाहीत. कॅप्टन रूपसिंग म्हणजे ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, ग्वाल्हेरचेच होऊन राहिलेले. 1932 च्या ऑलिंपिकमध्ये आपण अमेरिकेला 24-1 हरवलं, त्यातले 10 गोल त्यांचे.

मामा : नाव राहिलं, हॉकी गेली. गर्दी आणि पैसा दोन्ही क्रिकेटकडे. तरी 2010 मध्ये सचिनने तिथे 200 केले तेव्हा टाळ्या मीही वाजवल्याच. अगदी मनापासून. आणि हॉकीची हळहळ, तीही मनापासूनच.

भाची : टाळ्यांचं सोडा. जाब कोण विचारतो, ते सांगा.

मामा : माधवरावांना विचारावा लागला नाही. ते विमानवाहतूक मंत्री असताना, 1993 च्या जानेवारीत दिल्लीला विमान कोसळलं. एकही माणूस दगावला नाही, तरी त्यांनी राजीनामा दिला.

भाची : मंत्रिपदाचा. तिथे समोर विरोधी बाकं असतात, वर्तमानपत्रं असतात, लाखो मतदार असतात. क्रीडा संघटनेत मोजके मतदार, आणि तेही ओळखीचे. मैदानाच्या दुर्दशेपायी कुणी खुर्ची सोडल्याचं तुम्ही ऐकलंय?

मामा : नाही. पण 2010 मध्ये मध्य प्रदेशच्या क्रिकेट संघटनेत लढत तरी झाली. माधवरावांचे चिरंजीव ज्योतिरादित्य केंद्रात राज्यमंत्री, समोर कैलास विजयवर्गीय राज्यात मंत्री. क्रिकेटच्या खुर्चीसाठी दोन मंत्री! लोक हसले, पण निवडणूक झाली. पुढे 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने लोढा समितीच्या शिफारशी मान्य केल्या आणि मंत्र्यांना क्रिकेटची दारं बंद झाली. 2025 मध्ये त्याच खुर्चीवर तिसरी पिढी आली. माधवरावांचा नातू. मंत्री नाही, सगळं नियमात. आणि बिनविरोध.

भाची : मंत्री गेला, त्याच्याबरोबर विरोधकही गेला. मला ते जास्त खुपतं. राजकारणी उभा राहिला याचं काही नाही. समोर कुणी उभंच राहत नाही.

मामा : तुला बोलायला काय जातं? मी उभा राहिलो आणि चुकून निवडून आलो, तर टर्फ लांबणार. सतराव्या वर्षी न मिळालेलं टर्फ पोराला विसाव्या वर्षी काय कामाचं? माझं तत्त्व सांभाळायला त्याची तीन वर्षं का जावीत?

याला भाचीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. स्वच्छ कारभाराची किंमत ज्याने मागितली त्यालाच मोजावी लागते असं नाही. बऱ्याचदा ती मैदानावरचं पोर मोजतं.

मामा : अर्ज भरतो. सर्वसाधारण सभेत आमदाराला विचारणार, टर्फ कोणत्या महिन्यात, आणि नाही झालं तर पायउतार होणार का. दोन्ही गोष्टी इतिवृत्तात लिहून दिल्या, तर माझं मत त्यालाच.

भाची : स्वतःच्या विरोधात मत?

मामा : उमेदवाराने स्वतःलाच मत द्यावं असं घटनेत कुठे लिहिलंय? पण अर्ज मागे घेणार नाही. मतदान झालंच पाहिजे. सूचक मिळालाय, अनुमोदक अजून नाही. मुदत गुरुवारी संपते.