पहिले पान आणि आपला वाटा



खोटी साक्ष देण्यासाठी खोटेच शब्द वापरावे लागतात का? आठवी आज्ञा काय सांगते हे धर्मशिक्षणाच्या वर्गातले मूलही सांगेल. पण रोज सकाळी दारात पडणाऱ्या वर्तमानपत्राचे पहिले पान ती आज्ञा मोडते की पाळते, हे ठरवताना आपण मोठी माणसेही अडखळतो.

'पोलिसांनी लाठीमार केला' आणि 'लाठीमार झाला', ही दोन्ही वाक्ये एकाच घटनेबद्दल खरी असू शकतात. पहिल्यात लाठी चालवणारा दिसतो. दुसऱ्यात तो गायब आहे, लाठीमार जणू पावसासारखा आपसूक झाला. त्यात पुन्हा 'सौम्य' हा शब्द घातला जातो. तो लाठी खाणाऱ्याने सुचवलेला नसतो, एवढे नक्की! कधी मथळ्याच्या शेवटी नुसते प्रश्नचिन्ह असते: 'घोटाळ्यात अमुक यांचा हात?' विधानच केलेले नाही, तेव्हा ते खोटे कसे ठरवणार? आपल्या मनात मात्र तो हात जाऊन बसतो.

छायाचित्राचेही तसेच. जून १९९४ मध्ये अमेरिकेत खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्पसन या कृष्णवर्णीय खेळाडूचे पोलिसांनी काढलेले एकच छायाचित्र 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर छापले. 'टाइम'ने ते चित्रकाराकडून बदलून घेतले होते. चेहरा त्याचाच, पण कितीतरी अधिक काळा, अंधारातून उगवल्यासारखा. खटला उभा राहायचा होता. टीकेची झोड उठली, तेव्हा वर्णद्वेषाचा हेतू नव्हता असे संपादकांनी स्पष्ट केले. नसेलही. पण दोन्ही अंक शेजारी-शेजारी होते म्हणून हा फरक लोकांना दिसला. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी वर्तमानपत्र एकच येते.

याहून गंभीर उदाहरण इंग्लंडचे आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्ड शहरातील हिल्सबरो मैदानावर फुटबॉल सामन्याच्या वेळी चेंगराचेंगरी झाली. लिव्हरपूल संघाचे चाहते लोखंडी जाळीला चिरडले गेले. या दुर्घटनेतील मृतांची संख्या पुढे ९७ झाली. शेवटचा मृत्यू तर जखमी अवस्थेत बत्तीस वर्षे काढल्यावर २०२१ मध्ये झाला. दुर्घटनेनंतर चौथ्या दिवशी, १९ एप्रिलला, 'द सन' या मोठ्या खपाच्या दैनिकाने पानभर मथळा दिला: 'सत्य'. खाली तीन ओळी. काही चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले, काहींनी पोलिसांच्या अंगावर लघवी केली, काहींनी श्वास देऊन जीव वाचवणाऱ्या पोलिसाला मारहाण केली. ही माहिती पोलिसांनी व एका खासदाराने एका स्थानिक वृत्तसंस्थेला पुरवली होती. बातमीत मात्र ती 'उघड झाली' होती. पुन्हा तेच, 'झाली'.

त्यातला 'काही' हा शब्द आपण जरा थांबून पाहू. त्यात कोणाचेच नाव नाही, म्हणून कोणी एकटा उठून ते नाकारू शकत नाही. आणि ज्या आईचा मुलगा त्या जाळीपाशी मेला, तिला तो शब्द वाचताना आपलाच मुलगा त्यात दिसणार.

चार महिन्यांतच न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने हे आरोप फेटाळले आणि गर्दी हाताळण्यातील पोलिसांचे अपयश हे मुख्य कारण ठरवले. वर्तमानपत्राने 'खरे सत्य' असा मथळा देऊन पहिल्या पानावर क्षमा मागितली, ती मात्र सप्टेंबर २०१२ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी. त्याआधी एका स्वतंत्र समितीने पोलिसांच्या १६४ जबान्यांत फेरफार झाल्याचे दाखवून दिले होते. २०१६ मध्ये ज्यूरीने चाहत्यांच्या वर्तनाचा या मृत्यूंशी संबंध नाही, असा निर्वाळा दिला.

संपादक दोषी, हे सांगायला तत्त्वज्ञान लागत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात याहून अडचणीचा प्रश्न विचारला आहे: परनिंदा निमूटपणे ऐकून घेणाऱ्याचे काय? त्यांचे उत्तर सूक्ष्म आहे. निंदा ऐकून ज्याला आनंद होतो, तो निंदकाइतकाच दोषी, कधी अधिकही. ज्याला ती आवडत नाही, पण जो भीतीने, आळसाने किंवा संकोचाने गप्प राहतो, त्याचा दोष बराच हलका. पण दोष आहे. प्रत्येक वेळी पुरावा मांडून निंदकाला खोडून काढायलाच हवे असेही ते म्हणत नाहीत. आपल्या हातात पुरावा असतो कुठे? मात्र त्याला शब्दांनी टोकावे, निदान आपला चेहरा पाहून तरी त्याला आपली नाराजी कळावी, असे ते नीतिसूत्रांच्या आधारे सुचवतात.

बोलणारा समोर असतो तेव्हा हे ठीक आहे. वर्तमानपत्राला वाचकाचा चेहरा दिसत नाही. एखाद्या वस्तीविषयीची, एखाद्या समाजाविषयीची भडक बातमी आपण तोंड वाकडे करून वाचतो, चहाच्या वेळी शेजाऱ्याला ऐकवतो आणि उद्याचा अंक घेतोच. छापणाऱ्याच्या हिशेबात आपण आणि ती बातमी मिटक्या मारीत वाचणारा यांत काही फरक नसतो. दोघांचाही एकेक अंक खपलेला असतो.

लिव्हरपूलच्या लोकांनी १९८९ मध्येच तो पेपर घेणे बंद केले, विक्रेत्यांनी तो ठेवणे बंद केले. त्यावेळी टेलर यांचा अहवालही आलेला नव्हता. पुढे क्षमायाचना छापून आली, तरी तिथल्या अनेक दुकानांत तो आजही मिळत नाही.