देवाचे कासव आणि बिनदेवाचा भेक

महाराष्ट्रातल्या कितीतरी शिवमंदिरांत नंदीच्या पुढ्यात दगडी कासव असते. आसाममधल्या हाजोच्या हयग्रीव माधव मंदिराच्या तळ्यात मात्र कासवे जिवंत आहेत. काळ्या, मऊ पाठीच्या या जातीला आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने २००२ मध्ये निसर्गातून नामशेष ठरवले होते. त्या काळात ती हाजोसारख्या देवळांच्या आणि चितगावच्या बायजीद बोस्तामी दर्ग्याच्या तळ्यांत भाविकांच्या हातचे खाऊन तगून होती. देवळात हे कासव विष्णूचा अवतार. दर्ग्यातल्या आख्यायिकेप्रमाणे मात्र संताने शिक्षा म्हणून कासव करून टाकलेला दुष्टात्मा! कासवाला दोन्हीकडे अभय मिळाले. पुढे नदीपात्रांतही थोडी सापडली आणि २०२१ मध्ये ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ गणली गेली.

मग श्रद्धेवरच संवर्धन सोपवावे का?

त्रिपुरातल्या त्रिपुरसुंदरी मंदिराच्या कल्याणसागर तलावाचे काठ सिमेंटने बांधले गेले आणि तिथल्या कासवांच्या माद्यांना अंडी घालायला माती उरेना. पूजा कासवाची होत राहिली, काठाकडे कुणाचे लक्ष गेले नाही. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला नाग पकडून मिरवत. सणाला नागापुढे दूध ठेवतात, पण त्याला ते पचत नाही, तहानेने व्याकूळ झाला तरच तो ते पितो. अखेर मुंबई उच्च न्यायालयाला १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या आधारे नाग पकडणे रोखावे लागले. शिवाय नागाला निदान वर्षातला एक दिवस तरी आहे. घोणस आणि फुरशाच्या वाट्याला काठीच येते.

भारतात उभयचरांच्या चारशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना कुठलाच देव वाहन म्हणून वापरत नाही. आंबोलीच्या सड्यावरचा पट्टेरी भेक असाच. त्याचा अधिवास एवढासा, म्हणून तोही अतिसंकटग्रस्त. पावसाच्या पहिल्या सरींनंतर जांभ्यावरच्या उथळ डबक्यांत त्याची वीण होते.

अशा जिवासाठी पूजेपेक्षा जैनांचा चातुर्मास अधिक उपयोगी ठरावा. पावसाळ्यात जमिनीवर बारीक जीव फार, म्हणून साधू विहार थांबवून एका जागी राहतात. त्या जिवांना ते देव मानत नाहीत, आरती करत नाहीत. पायाखाली कुणी येऊ नये म्हणून स्वतःच्याच चालण्याला आवर घालतात. आंबोलीत नेमके याच महिन्यांत धबधबा पाहायला येणाऱ्या गाड्यांची रांग लागते, आणि रात्री रस्ता ओलांडणारे भेक चाकांखाली सापडतात.