महिनाअखेरची घाई

जालना



राजूरच्या आरोग्य केंद्रात तू रुजू झालीस आणि तुझ्याकडे रजिस्टरं, पोर्टल, महिन्याचा अहवाल असं माहितीचं काम आलं, हे ऐकून घरातले एकदोघे हिरमुसले (त्यांना तू सुई टोचताना दिसायला हवी होतीस), पण मला आनंद झाला. तुझं अक्षर आणि मन दोन्ही स्वच्छ, त्याची काळजी मला नाही. काळजी आहे ती तुझ्या घाईची, जेवणसुद्धा उभ्यानं उरकणारी पोर तू.

पहाटे उठायची सवय सोडू नकोस. बायका उन्हं वर यायच्या आत शेताला निघतात, तेव्हा आशाताईबरोबर कधी घरोघर जायचं तर तीच वेळ गाठावी लागते. आणि कालच्या नोंदी आज ओपीडी भरायच्या आत टाकल्यास, की महिनाअखेरीला साऱ्यांचे हात एकदम पोर्टलवर पडून ते जागचं हलेनासं झालं, तरी तुला आठवून आठवून आकडे भरावे लागणार नाहीत. आठवून भरलेले आकडे ओळखू येतात गं. नवजात बाळ अडीच किलोच्या आत भरलं तर ते कमी वजनाचं धरतात. म्हणून एखाद्या रजिस्टरात बाळामागून बाळ नेमकं २.५ किलोचं दिसलं, तर काटा थांबायच्या आत पेन चाललं असं समज. त्यात एखादं २.३ चं लेकरू असेल, ज्याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं होतं. रिकाम्या रकान्याचंही पाहत जा. शून्य म्हणजे पाहिलं आणि काही आढळलं नाही. रिकामा म्हणजे कुणी पाहिलंच नाही. उशीर झाला म्हणून सगळे रकाने शून्यानं भरून मोकळी होऊ नकोस.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सासरी नाव नोंदलेली पोर सातव्या महिन्यात राजूरला येते, इथं तिला नवी म्हणून लिहिलं की एकीच्या दोघी होतात, आणि दोन्हीकडच्यांनी एकमेकांवर सोडलं तर एकही राहत नाही. तेव्हा तिला आधी बसव, पाणी दे, मग सासरच्या नोंदणीचा जुना आरसीएच नंबर विचार. कार्ड बहुधा पिशवीच्या तळाशी असतं, शोधू दे तिला सावकाश. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी मात्र आधीच करून ठेव, नाहीतर त्यांच्या पोरांच्या लसी ना इथल्या पटावर, ना तिथल्या.

एवढं करूनही गरोदर मातांच्या नोंदणीची टक्केवारी कधी शंभराच्या वर जाईल. अपेक्षित गरोदर मातांचा आकडा लोकसंख्येवरून अंदाजानं काढतात, आणि त्या अंदाजाचं मूळ २०११ च्या जनगणनेत आहे. म्हणून १०४ टक्के आले तर पेढे नकोत आणि ८२ आले तर रडू नको. आढावा बैठकीत उपकेंद्रांची उतरंड लावतात, खालच्याला बोलणी बसतात. माझं मत विचारशील तर याच्याइतकं आकडे बिघडवणारं दुसरं काही नाही, कारण पुढच्या महिन्यात काम तेवढंच राहतं आणि आकडा मात्र चढतो. तक्त्यात एखाद्या उपकेंद्रापुढं लाल रंग दिसला तर तिथल्या नर्सबाईला आधी फोन करून विचार, लस आली नव्हती का, ती रजेवर होती का.

नीट मोजलं की काय होतं ते गडचिरोलीत दिसतं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथं १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तिच्या कामात उपायाच्या आधी मोजणी होती, गावातला एकेक जन्म आणि एकेक मृत्यू. पुढं ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन मृत्यू निम्म्याहून कमी झाले, ते १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज तुझ्या आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जातात त्यामागे हे काम आहे. आणि २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालानं दाखवलं, की सरकारी दप्तरात दिसत होते त्यापेक्षा राज्यातले बालमृत्यू कितीतरी जास्त होते. तेव्हा तुझ्या अहवालात मृत्यू वाढलेला दिसला तर तो लपवायची घाई नको. कदाचित पहिल्यांदाच कुणी नीट विचारलं असेल.

काटकसर तुला शिकवायला नको, ती इथंही वापर. नवं रजिस्टर उघडण्याआधी तीच माहिती जुन्यात आहे का ते बघ. एकच नाव चार ठिकाणी लिहिताना नर्सबाईची दुपार जाते. आणि अहवाल वर पाठवलास की त्याचा एक कागद खालीही जाऊ दे, ज्या उपकेंद्रानं माहिती दिली त्यांना, सोप्या मराठीत.

अंगारकीला राजुरेश्वराच्या दर्शनाला गर्दी लोटेल, त्या दिवशी तुझी ड्यूटी असणारच, म्हणून मी दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं येते. ऊसतोडीच्या घरांची यादी तोवर पुरी झाली नसली तरी चालेल, आहे तेवढी दाखव.

तुझी,
आजी